नवा माणूस उपासनेला येतो तेव्हा: फाटकापासून ताटापर्यंत

एका रविवारी आमच्या चर्चमध्ये साडेनऊच्या उपासनेला एक मुलगा आला. पंचविशीतला, पाठीला बॅग, बूट काढायचे की नाही या विचारात पायरीवरच थबकलेला. पुढच्या दीड तासात आम्ही त्याला पहिल्या बाकावर बसवलं, आडनाव विचारलं, माइक हातात देऊन उभं केलं, टाळ्या वाजवल्या, त्याचा फोटो मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या सभासदांच्या, ग्रुपवर टाकला आणि निघताना फॉर्म भरून घेतला. चहा विचारायचा राहिला. तो पुन्हा आला नाही.

कोणी वाईट वागलं नव्हतं, उलट सगळे मनापासून आनंदात होते. चुकला तो क्रम. आधी जागा, मग ओळख, मग ताट, आणि शिकवण त्याने मागितल्यावर, असा तो असायला हवा. आपण शिकवणीपासून आणि फॉर्मपासून सुरुवात करतो, आणि मग आपली मायाही समोरच्याला वसुलीसारखी वाटते.

मी चौदा वर्षं चर्चच्या दाराशी उभी राहते. खाली लिहिलेलं साधारण शंभरेक घरांच्या मराठी प्रॉटेस्टंट मंडळीला धरून आहे. कॅथलिक धर्मग्रामात (पॅरिशमध्ये) जिथे वेगळं आहे तिथे तसं सांगितलं आहे.

## १. शनिवारी संध्याकाळी: परक्याच्या डोळ्यांनी एक फेरी

फाटकातून आत या, जणू पहिल्यांदाच येताय. बोर्डावर काय वेळ लिहिली आहे? बऱ्याच ठिकाणी बोर्ड नऊ म्हणतो आणि उपासना साडेनऊला सुरू होते. आपल्याला ते सवयीने ठाऊक असतं. नवा माणूस मात्र नऊला येऊन रिकाम्या बाकांकडे बघत अर्धा तास बसतो, किंवा परत जातो.

मग चपला. गावाकडच्या मंडळ्यांत दाराबाहेर काढतात, शहरात बहुतेक जण घालूनच आत जातात. जी रीत असेल ती चार शब्दांत दाराशी लिहून ठेवा. बायका एका बाजूला आणि पुरुष दुसऱ्या बाजूला बसत असतील तर तेही. ‘बघून कळेल’ म्हणू नका. बघून कळेपर्यंत माणूस अवघडून जातो.

गीतांची पुस्तकं मोजून ठेवा. ‘उपासना संगीत’ घराघरातून आणायची आपली पद्धत, त्यामुळे चर्चमध्ये उरतात ती कव्हर फाटलेली, मधली पानं गेलेली. नव्यासाठी चार-पाच धड प्रती वेगळ्या ठेवा. सोबत अर्ध्या पानाचा कागद: उपासनेचा क्रम, प्रभूची प्रार्थना आणि विश्वासाचा अंगीकार. हे दोन्ही आपण डोळे मिटून म्हणतो आणि शेजारी उभा असलेला माणूस एकटाच गप्प राहतो. त्या अर्ध्या मिनिटात त्याला जितकं परकं वाटतं तितकं एरवी कुठेच वाटत नाही.

पिण्याचं पाणी आणि स्वच्छतागृहाची किल्ली कोणाकडे आहे ते ठरवा. लहान मूल घेऊन आलेल्या आईचा पहिला प्रश्न हाच असतो.

आता माणसं. दाराशी दोघं हवीत, एक बाई आणि एक पुरुष. सेक्रेटरी किंवा खजिनदार नको, त्यांना प्रत्येक जण वर्गणीचं आणि हॉलच्या बुकिंगचं विचारत राहतो. गळ्यात पडणारा माणूसही नको. तिसरी व्यक्ती सोबती: ती दाराशी उभी राहत नाही, मधल्या बाकावर आपल्या शेजारी जागा राखून बसते. आमच्याकडे हे काम एक निवृत्त नर्सबाई करतात. बोलतात कमी, पण शेजारच्याला काय हवंय ते त्यांना आधी कळतं.

तपासा: चर्चसमोरच्या किराणा दुकानदाराला विचारा, आमची उपासना किती वाजता असते? त्याला सांगता आलं नाही, तर बोर्ड कोणी वाचत नाही असं समजा.

## २. दारातली पहिली दोन मिनिटं

‘नमस्कार, या.’ एवढं पुरे. ‘सलाम’ किंवा ‘जय ख्रिस्त’ आपल्या-आपल्यात ठीक आहे. नव्या माणसाला त्याचं उत्तर काय द्यायचं ते माहीत नसतं आणि पहिल्याच वाक्यात तो नापास होतो. ‘ब्रदर’, ‘सिस्टर’ही लगेच नको. नाव कळेपर्यंत दादा, ताई, काका, मावशी हे आपले नेहमीचे शब्द आहेत की.

स्वतःचं नाव सांगा, म्हणजे समोरचा आपलं सांगेल. त्याने फक्त पहिलं नाव सांगितलं तर तिथेच थांबा.

सावधान: ‘आडनाव काय?’, ‘मूळ गाव कुठलं?’, ‘कोणाकडचे तुम्ही?’ हे महाराष्ट्रात साधे प्रश्न नाहीत. विचारणाऱ्याच्या मनात काहीही नसलं तरी ऐकणाऱ्याच्या कानाला त्यात जातच ऐकू येते. जातीचा हिशोब नको म्हणून जो आपल्या दारात आला, त्याला दारातच तो पुन्हा मांडायला लावायचा नाही. आडनाव महिन्याभरात आपोआप कळतं.

‘तुम्ही कसे काय इकडे?’ हाही प्रश्न आवरा. कोणी आजारी मुलासाठी प्रार्थना करवून घ्यायला आलेलं असतं, कोणी पोरीच्या लग्नाच्या काळजीने, कोणी नुसतं गाणं ऐकून. पायरीवर उभ्या उभ्या ते सांगता येत नाही.

## ३. कुठे बसवायचं

पहिल्या बाकावर कधीच नाही. तिथे बसलेल्याला पुढचं कोणी दिसत नाही, मग उठायचं कधी आणि बसायचं कधी? अगदी शेवटीही नको, तिथे रडकी पोरं आणि उशिरा येणारे असतात. मधल्या भागात, कडेच्या वाटेला लागून, सोबत्याच्या शेजारी. वाटेला लागून अशासाठी की मध्येच निघावंसं वाटलं तर कोणाचे गुडघे ओलांडावे लागू नयेत.

बायबलमधल्या याकोबाच्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायात हाच प्रसंग आहे: सोन्याची अंगठी घातलेल्याला चांगली जागा आणि मळक्या कपड्यांतल्याला ‘तू तिथे उभा राहा’. आपण तो भाग वाचतो आणि पुढच्याच रविवारी गाडीतून उतरलेल्या पाहुण्याला पंखा ज्याच्या बरोबर वर आहे तो बाक देतो. दाराशी उभं राहणाऱ्यांनी महिन्यातून एकदा एकमेकांना विचारावं: या महिन्यात पंख्याखाली कोण कोण बसलं?

## ४. उपासना चालू असताना

सोबत्याचं काम इथे सुरू होतं आणि ते जवळजवळ न बोलता करायचं असतं. ‘गीत दोनशे बारा’ असं वरून सांगितलं की नवा माणूस पान दोनशे बारा उघडतो. मी हे इतक्यांदा पाहिलंय की आता सोबत्याला पहिली सूचना हीच देते: गीत काढून, बोट ठेवून, पुस्तक त्याच्या हातात द्या. उठताना अर्धा क्षण आधी उठा, म्हणजे तो तुमच्याबरोबर उठेल.

अर्पणाची थैली येण्याआधी हळूच सांगा, ‘हे मंडळीच्या लोकांसाठी आहे, तुम्ही पाहुणे आहात.’ नाहीतर माणूस खिसे चाचपत लाजतो, किंवा पाचशेची नोट टाकून मनात एक मत बनवून घरी जातो.

प्रभूभोजनाचा, म्हणजे भाकरी आणि द्राक्षारस वाटण्याच्या विधीचा, रविवार असेल तर जास्त काळजी. बहुतेक मराठी मंडळ्यांत बाप्तिस्मा आणि दृढीकरण (नंतर आपला विश्वास जाहीरपणे पक्का करण्याचा विधी) झालेल्यांनाच त्यात भाग घेता येतो. हे पाळकसाहेबांनी उपासनेच्या सुरुवातीलाच, सगळ्यांना उद्देशून, शांतपणे सांगावं. कॅथलिक चर्चमध्ये त्या भाकरीला ‘ख्रिस्तप्रसाद’ म्हणतात, तो शब्द घोटाळा करतो. प्रसाद म्हटला की आपल्याकडे कोणीही हात पुढे करतो, उजव्या हातावर डावा हात ठेवायचा की काय ते बघत रांगेत उभा राहतो, आणि एखादी माउली तो घरी आजारी नवऱ्यासाठी रुमालात बांधून न्यायला बघते. तिच्या श्रद्धेत काहीच खोट नाही, तिला कोणी आधी सांगितलेलं नाही एवढंच. वांद्र्याच्या माउंट मेरीच्या सप्टेंबरातल्या जत्रेला किंवा हरेगावच्या मतमाउलीच्या यात्रेला इतर धर्मांचे लोक मोठ्या संख्येने येतात, म्हणून हे तर तिथे आलंच. रांगेत पुढे आल्यावर ‘तुम्ही ख्रिस्ती आहात का?’ असं विचारून परतवणं हा चारचौघांतला अपमान आहे. आधी सांगा, आणि हात छातीवर घडी करून आले तर फादर आशीर्वाद देतात, हेही सांगा.

सावधान: ‘आज जे नवीन आले आहेत त्यांनी उभे राहावे’ ही घोषणा बंद करा. साक्ष (आपल्या विश्वासाचा अनुभव सगळ्यांसमोर सांगणं), टाळ्या, फुलं, स्वागतगीत यांतलं काहीही पहिल्या रविवारी नको.

उपदेशकांसाठीही एक सूचना, जरी ती त्यांना आवडत नाही. ‘अन्यधर्मी’, ‘मूर्तिपूजक’, ‘अंधारातले लोक’ हे शब्द व्यासपीठावरून गेले की सोबत्याने केलेली सगळी मेहनत वाया जाते. तो अंधारातला माणूस मधल्या बाकावर बसलेला असतो आणि त्याची आई सकाळी देवपूजा करूनच त्याला चहा देते.

## ५. उपासना सुटल्यावरची दहा मिनिटं

सगळ्यात जास्त माणसं आपण इथे गमावतो. आशीर्वाद झाला की आपण एकमेकांकडे वळतो: कोणाला पेन्शनचं विचारायचं असतं, कोणाला तरुण संघाच्या सहलीचं. नवा माणूस दोन मिनिटं भिंतीवरची संगमरवरी पाटी वाचतो आणि जातो. आमच्या कमिटीने एक नियम केला, पहिली दहा मिनिटं कमिटीच्या लोकांनी आपसात बोलायचं नाही. पाळायला फार अवघड नियम आहे. मी स्वतः तो अधूनमधून मोडते.

चहा द्या, आणि कप एकसारखे ठेवा. आमच्याकडे पूर्वी स्टीलचे पेले, कान तुटलेले कप आणि कागदी कप असा सगळा मेळ असे. एकदा एका वयस्कर गृहस्थांच्या हातात कागदी कप गेला आणि त्यांच्या दोन्ही बाजूंच्या लोकांच्या हातात चिनी मातीचे. ते कपाकडे बघत राहिले. देणारीने जो हाताला लागला तो दिला होता. पण वेगळा कप म्हणजे काय, हे ज्याने गावातल्या हॉटेलात अनुभवलंय त्याला ‘हाताला लागला’ हे कसं पटावं? पुढच्याच आठवड्यात महिला मंडळाने सहा डझन एकाच जातीचे कप आणले. हो, ‘एकाच जातीचे’ या शब्दांवर तेव्हा सगळ्याच हसल्या.

फोन नंबर मागू नका, आपला द्या. एका चिठ्ठीवर नाव, नंबर आणि पुढच्या उपासनेची वेळ.

सावधान: फोटो नाही, स्टेटस नाही, ‘आज आपल्यात एक नवीन कुटुंब आले’ असा ग्रुपवर मेसेजही नाही. घरी न सांगता आलेल्या सुनेचा फोटो तिच्या सासऱ्यांच्या फोनवर पोहोचायला अर्धा तास पुरतो. मागून डिलीट करून उपयोग नसतो.

## ६. मधला आठवडा

बुधवारच्या सुमाराला एकच निरोप, तोही त्याने स्वतःहून नंबर दिला असेल तरच, आणि सोबत्याकडूनच. बाईला बाईने, पुरुषाला पुरुषाने. ‘रविवारी भेटून बरं वाटलं’ एवढाच. वचनं, व्हिडिओ, सकाळचे फुलांचे फोटो नकोत. न बोलावता घरी जाणं तर नाहीच.

आजारपणासाठी प्रार्थना मागितली असेल तर प्रार्थना जरूर करा, आणि त्याच भेटीत डॉक्टर कोण आहेत, औषध चालू आहे ना, हे विचारा. ‘विश्वास ठेवा आणि गोळ्या बंद करा’ असं मंडळीतलं कोणी म्हणताना कानावर आलं तर त्याला त्याच दिवशी थांबवायची जबाबदारी पाळकांची.

## ७. जेवायला बोलावणं

तिसऱ्या-चौथ्या भेटीनंतर. त्याआधी बोलावलं तर माणूस भिडेने येतो, महिनोन् महिने बोलावलं नाही तर त्याला आपली पायरी कळते. बोलावताना दिवस आणि वेळ सांगा. ‘या कधीतरी घरी’ हे मराठीत न बोलावण्याचंच वाक्य आहे.

कोणाचं घर? पाळकसाहेबांचं नको, तिथे पाहुण्याला परीक्षेला बसल्यासारखं वाटतं. पाहुण्याच्या वयाचं, साधारण त्याच्याच ऐपतीचं घर निवडा. दोन खोल्यांत राहणाऱ्याला पहिलं जेवण तुमच्यातल्या बंगलेवाल्याकडे देऊ नका, त्याला परतीचं आमंत्रण देता यायला हवं. आपण यजमानच राहायचं आणि समोरच्याने कायम पाहुणाच राहायचं, ही घडी तिथेच मोडायला हवी. लूकच्या शुभवर्तमानातल्या अम्माऊसच्या घरात आत बोलावलेला वाटसरूच, म्हणजे येशूच, भाकरी मोडून देतो, हे इथे आठवावं.

आता ताट. आपल्याकडे रविवार म्हणजे मटण. ते मनातून काढून टाका आणि आधी विचारा. विचारायचं कसं, यातच सगळी मेख आहे. ‘आमच्या हातचं चालतं ना तुम्हाला?’ हा प्रश्न कितीही प्रेमाने केला तरी त्यात शिवाशिवीची जुनी कळ आहे. आपण आपली जखम दाखवतो आणि समोरच्याला आरोपी करतो. साधं विचारा: ‘जेवणात काय टाळता? त्या दिवशी उपास वगैरे नाही ना?’ श्रावण, चतुर्थी, एकादशी, मार्गशीर्षातले गुरुवार बघून दिवस ठरवा. कांदा-लसूण न खाणारी घरंही असतात.

शाकाहारी पाहुणा असेल तर सगळ्यांनाच शाकाहारी करा. एका बाजूला रस्सा आणि एका बाजूला ‘तुमच्यासाठी वेगळं’ वरण, असं नको. भरली वांगी, आमटी, भात, कोशिंबीर, पोळ्या, एखादं गोड. त्यात मटणाच्या रश्शाचा डाव बुडवायचा नाही, हे घरातल्या पोरांनाही बजावून ठेवा. नाताळात केक पुढे करताना त्यात अंडं आहे, आणि घातली असेल तर रमही आहे, हे आधी सांगा. करंज्या, शंकरपाळे, चकल्या यांना बहुधा कोणाचीच ना नसते.

सगळे एकाच वेळी एकाच पंगतीला बसा. बाया मागून जेवणार असतील तर आलेल्या बाईचीच पंचाईत होते, ती धड पाहुणी नाही आणि धड घरची नाही.

जेवणाआधीची प्रार्थना चार वाक्यांची. अन्नासाठी आभार, पाहुण्याच्या घरच्यांसाठी आशीर्वाद, संपलं. आमच्या एका काकांनी एकदा उत्पत्तीपासून सुरुवात केली आणि भात निवला. पाहुण्याला डोळे मिटायला सांगू नका, त्याचं त्याला कळतं.

जेवताना विश्वासाचा विषय तुम्ही काढायचा नाही. त्याने काढला तर बोला, मोकळेपणाने आणि थोडक्यात. नाहीतर पाऊस, पोरांच्या शाळा, गावची शेती. मला विचाराल तर या जेवणाचा उद्देश जेवण हाच आहे. ज्यांना हे पटत नाही त्यांनी निदान आमटी चांगली करावी.

परतीचं आमंत्रण: तो बोलावेल तेव्हा जायचं, आणि वाढलेलं जेवायचं. गणपतीत किंवा सत्यनारायणाला बोलावलं तर? प्रसाद घ्यायचा की नाही, यावर मंडळ्यांमंडळ्यांत मतभेद आहेत, आणि करिंथकरांना पत्र लिहिताना प्रेषित पौलालाही यावर दोन-तीन अध्याय खर्चावे लागले. तुमचं काय ते घरून ठरवून जा. घ्यायचा नसेल तर हसून, हात जोडून ‘नको’ म्हणा. त्यांच्या देवघरासमोर उभं राहून कारणमीमांसा करू नका.

तपासा: सहा महिन्यांत तुम्ही त्याच्या घरी एकदाही गेला नसाल, तर तुम्ही अजून पाहुणचारच करताय, ओळख झालेली नाही.

## ८. प्रश्न सुरू झाले की

प्रश्न येतात ते बहुतेक वेळा घरी जाताना, गाडीला किक मारता मारता. ‘ते वधस्तंभाचं नीट कळलं नाही.’ तेव्हा तिथेच अर्धा तास बोलू नका. पुढची वेळ ठरवा.

वाचायला काय द्यायचं? अख्खं पवित्र शास्त्र (बायबल) हातात दिलं की माणूस पहिल्या पानापासून सुरू करतो, लेवीयपर्यंत कसाबसा पोहोचतो आणि थांबतो. मार्काचं शुभवर्तमान द्या. सोळाच अध्याय, आठवड्याला दोन वाचले तर दोन महिन्यांत पुरं. किंवा लूक, त्यात जेवणाचे प्रसंग भरपूर आहेत आणि जक्कयाची गोष्ट फक्त तिथेच आहे. प्रकटीकरण हे शेवटचं पुस्तक दूर ठेवा.

आपली बोली सोडून बोला. ‘तारण’, ‘अभिषेक’, ‘ओझं मिळालं’, ‘जगिक’, ‘रक्ताने धुतलेले’ हे शब्द बाहेर कोणाला कळत नाहीत, काही तर भीतीदायक वाटतात. एक सराव सांगते: तुमची साक्ष तुमच्या ऑफिसातल्या माणसाला कळेल अशा मराठीत पाच मिनिटांत सांगून बघा. पहिल्या प्रयत्नात मला तर जमली नव्हती.

आणि त्याच्या आधीच्या श्रद्धेची निंदा करायची नाही. ज्ञानेश्वरी-तुकाराम वाचलेला माणूस आला तर ऐका. ख्रिस्ती झालेले कवी नारायण वामन टिळक यांना वारकरी अभंगांचं वावडं नव्हतं, ख्रिस्ती अभंग आणि कीर्तन आपल्याकडे त्याच वाटेने आलं.

## ९. ‘मला बाप्तिस्मा घ्यायचाय’

हे वाक्य ऐकलं की आपला हात कॅलेंडरकडे जातो. जाऊ देऊ नका. टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ मध्ये झाला आणि त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंचा १९०० मध्ये. एका घरात, इतकं बोलणारा नवरा असताना, पाच वर्षं. कॅथलिक चर्चमध्ये प्रौढांची तयारी महिनोन् महिने चालते आणि सहसा पुनरुत्थानाच्या आदल्या रात्रीच्या जागरणविधीत स्नानसंस्कार (त्यांच्याकडचा बाप्तिस्मा) होतो. आपणही निदान सहा महिने घ्यावेत.

या काळात पुढच्या गोष्टी स्पष्ट सांगायच्या, बाप्तिस्म्याच्या आधी. नंतर सांगणं ही फसवणूक आहे.

पहिलं, जातीचा दाखला. अनुसूचित जातींबद्दलच्या १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार हा दर्जा हिंदू, शीख आणि बौद्ध यांनाच मिळतो. ख्रिस्ती झाल्यावर तो राहत नाही. आरक्षणातून नोकरीत असलेल्या, किंवा मुलीची ॲडमिशन त्यावर अवलंबून असलेल्या माणसाला हे माहीत असलंच पाहिजे. अनुसूचित जमातींना धर्माची अशी अट नाही. ‘कागदावर काही लिहू नका, मनातून व्हा’ असा सल्ला काही जण देतात. तो सल्ला देणाऱ्याचं काही जात नाही, खोटं वागायची वेळ त्या माणसावर येते.

दुसरं, घर. जोडीदाराने धर्म बदलला हे हिंदू विवाह कायद्यात घटस्फोटाचं एक कारण आहे. हिंदू नातेवाइकांच्या वारशावरचा स्वतःचा हक्क धर्म बदलल्याने जात नाही, पण नंतर जन्मलेल्या मुलांच्या हक्काला हिंदू उत्तराधिकार कायद्याचं कलम २६ आड येतं. म्हणून विवाहित माणूस एकटाच आला तर जोडीदाराशी बोलणं झालंय का, हे विचारा. झालं नसेल तर थांबा.

तिसरं, कायदा. राज्यघटनेच्या २५ व्या कलमाने धर्म मानण्याचं, आचरण्याचं आणि प्रसाराचं स्वातंत्र्य दिलं आहे. मात्र १९७७ च्या स्टॅनिस्लॉस खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की दुसऱ्याचं धर्मांतर घडवून आणण्याचा मूलभूत हक्क कोणालाही नाही. काही राज्यांत आधी जिल्हा प्रशासनाला कळवावं लागतं. हे कायदे राज्यागणिक वेगळे आहेत आणि बदलत असतात, म्हणून तारीख धरण्याआधी वकिलाला विचारा, व्हॉट्सॲपवरच्या फॉरवर्डवर जाऊ नका. अर्ज त्या माणसाच्या स्वतःच्या शब्दांत, स्वतःच्या हस्ताक्षरात घ्या.

सावधान: या सहा महिन्यांत त्याला पैसे, नोकरी, शाळेत प्रवेश, भाड्याची खोली यांतलं काहीही मंडळीकडून देऊ नका, अगदी चांगल्या हेतूनेही. खरीच अडचण असेल तर गावातल्या इतर कोणाला जशी मदत कराल तशी करा, बाप्तिस्म्याशी तिचा संबंध न ठेवता, आणि बाप्तिस्मा पुढे ढकला.

लग्नासाठीचा बाप्तिस्मा हा वेगळाच प्रकार. मुलगी हिंदू घरातली, मुलगा आपला, हॉल बुक झालेला, आणि मुलाची आई पाळकांना म्हणते, ‘पंधरा दिवसांत उरकून टाका.’ १८७२ च्या भारतीय ख्रिस्ती विवाह कायद्याला वधूवरांपैकी एक जण ख्रिस्ती असला तरी चालतो. नोंदणी विवाहासाठी १९५४ चा विशेष विवाह कायदा आहे, त्यात तीस दिवसांची नोटीस द्यावी लागते. मंडळीचे नियम कडक असू शकतात, कॅथलिकांत बिशपांची परवानगी लागते. पण कायद्यासाठी त्या पोरीला घाईने पाण्यात उभं करायची गरज नाही. तिला वेळ द्या. तिच्या आईवडिलांनाही एकदा जेवायला बोलावा.

नाव बदलावं लागतं का, असं सगळेच विचारतात. लागत नाही. नारायण वामन टिळक नारायणच राहिले, लक्ष्मीबाई लक्ष्मीबाई, पंडिता रमाबाई रमाबाईच. हौसेने बदलायचं असेल तर आधार, पॅन, सातबारा, बँक, मुलांचे दाखले या सगळ्यांच्या चकरा मोजून मग ठरवा.

## १०. पुढचं वर्ष

बाप्तिस्म्याच्या दिवशी हार, जेवण, फोटो (आता विचारून चालतील), आणि पुढच्या रविवारी सगळे आपापल्या बाकावर. तो माणूस मात्र आता दोन्हीकडून सुटलेला असतो. भाऊबंद बोलत नाहीत आणि मंडळीत त्याचे कोणी सोयरे नाहीत. पहिली दिवाळी सगळ्यात जड जाते. त्या चार दिवसांत त्याला एकटं ठेवू नका, फराळाला बोलवा.

काम द्या, पण साक्ष देत फिरवण्याचं नको. वाचन, हिशोब, संडे स्कूल, नाताळचे कंदील, जे त्याला येतं ते. आणि ‘ते नवीन झालेले’ ही ओळख वर्षाच्या आत थांबवा. आमच्याकडे एका बाईंना अकरा वर्षांनीही कोणीतरी तसं म्हणालं. त्या काही बोलल्या नाहीत, फक्त पुढच्या निवडणुकीत कमिटीला उभ्या राहिल्या आणि सगळ्यात जास्त मतांनी आल्या.

जो येईनासा झाला त्याला एक फोन. ‘बरे आहात ना?’ एवढंच, ‘का येत नाही?’ नाही. उत्तर आलं नाही तर पुन्हा करू नका. त्याचं नाव आणि चेहरा मात्र लक्षात ठेवा, कारण यांतले बरेच जण नाताळच्या मध्यरात्रीच्या उपासनेला येतात, शेवटच्या बाकापाशी, शाल पांघरून. त्यांच्याजवळ जायचं, नावाने हाक मारायची, गीताचं पुस्तक उघडून द्यायचं. ‘अगदी ओळखच विसरलात की’ असलं काही तोंडातून येऊ द्यायचं नाही. आणि त्या रात्री थंडी असते, तेव्हा चहा थोडा जास्त टाकायला सांगून ठेवा.